एकशे अठ्ठावीस प्रश्न पाठ, पण इंग्रजीत विचारले की जीभ वळत नाही

ताई, नमस्कार.
मी मूळची दांडिया बाजारातली, वय ६२. पाच वर्षांपूर्वी मुलाने ग्रीन कार्ड करून दिलं, तेव्हापासून न्यू जर्सीत एडिसनला त्याच्याकडे असते. नोव्हेंबर २०२५ मध्ये अमेरिकेच्या नागरिकत्वाचा अर्ज भरला आणि डिसेंबरात भाचीच्या लग्नासाठी बडोद्याला आले. मार्चअखेर परत जाणार. त्यानंतर कधीही मुलाखतीचं पत्र येईल.
मुलगा रोज रात्री फोनवर प्रश्न विचारतो. वही बघून सगळी उत्तरं येतात, त्याने इंग्रजीत विचारलं की डोकं रिकामं होतं. तो चिडतो, मग मला आणखीच सुचत नाही. माझी शाळा मराठी माध्यमाची, बी.ए. बडोद्याच्या एम. एस. युनिव्हर्सिटीतून. इंग्रजी वाचता येतं, बोलायचं म्हटलं की घाम फुटतो. म्हणून इंग्रजी उत्तरं मराठी अक्षरांत लिहून पाठ करते. इथे एक ओळखीचे म्हणतात की साठीनंतर इंग्रजी माफ असतं, मराठीत परीक्षा देता येते. खरं आहे का? सून चार वर्षांपूर्वी पहिल्याच खेपेला पास झाली. मी नापास झाले तर तिच्यासमोर कशी उभी राहू?
आणि एक सांगते. आपला पासपोर्ट परत द्यावा लागणार, या विचाराने रात्री जाग येते. त्यामुळेच अभ्यासात मन लागत नसेल का?
— एक वाचक भगिनी, बडोदे

सप्रेम नमस्कार.

आधी तुमच्या ओळखीच्यांचं बोलणं निकालात काढू, कारण त्याच्या भरवशावर राहिलात तर नुकसान होईल. इंग्रजीची सूट आहे, पण ती नुसत्या वयावर मिळत नाही. अर्ज भरताना वय ५० पूर्ण आणि ग्रीन कार्डवर २० वर्षं झालेली, किंवा वय ५५ पूर्ण आणि ग्रीन कार्डवर १५ वर्षं झालेली असली, तरच इंग्रजी माफ होतं. अशा माणसालाही नागरिकशास्त्राची परीक्षा द्यावी लागतेच. ती दुभाष्याच्या मदतीने स्वतःच्या भाषेत देता येते एवढंच. ज्यांचं वय ६५ पूर्ण आणि ग्रीन कार्डवर २० वर्षं झालीत, त्यांना फक्त २० प्रश्नांची छोटी यादी असते. तुमची पाचच वर्षं झालीत. तेव्हा परीक्षा इंग्रजीत, हे मनाशी पक्कं करा. आजारामुळे शिकणं किंवा लक्षात ठेवणंच शक्य नसेल, तर डॉक्टरांनी भरून द्यायचा एक वेगळा फॉर्म असतो. तुमचं पत्र वाचून तुम्हाला त्याची गरज दिसत नाही.

आता पासपोर्टचं. तुम्ही ते शेवटी लिहिलंत, मला वाटतं तेच पहिलं आहे. ज्या गोष्टीला मनाने होकार दिलेला नाही, तिचा अभ्यास होत नाही. मुलाने अर्ज भरून दिला, तुम्ही सही केलीत, पण निर्णय तुमचा झाला का?

भारताच्या १९५५ च्या नागरिकत्व कायद्यानुसार, स्वेच्छेने दुसऱ्या देशाचं नागरिकत्व घेतलं की त्याच क्षणी भारताचं जातं. दोन्ही ठेवता येत नाहीत. शपथ झाल्यावर भारतीय पासपोर्ट वापरणं गुन्हा ठरतो. तो जमा करून तसं प्रमाणपत्र घ्यायचं आणि मग ओसीआय (ओव्हरसीज सिटिझन ऑफ इंडिया) कार्डासाठी अर्ज करायचा. ओसीआय असलं की भारतात येण्याजाण्याला व्हिसा लागत नाही, हवं तितकं राहता येतं. दांडिया बाजारातलं घर तुमचंच राहील. मत देता येणार नाही, शेतजमीन विकत घेता येणार नाही. मत जाणं ही लहान गोष्ट आहे असं मी म्हणणार नाही. इतकी वर्षं शाईचं बोट घेऊन घरी आलेल्या बाईला ते लागणारच, आणि लागलं म्हणून संकोच वाटायचं काही कारण नाही.

पण दुसरी बाजू तुम्हाला कुणी सांगितली आहे का, ते तुमच्या पत्रावरून कळत नाही. ग्रीन कार्ड हे तिथे कायम राहणाऱ्यांसाठी असतं. सलग सहा महिन्यांहून जास्त बाहेर राहिलात की नागरिकत्वासाठी मोजला जाणारा सलग वास्तव्याचा काळ तुटल्याचं धरलं जाऊ शकतं, आणि वर्षाहून जास्त राहिलात तर ग्रीन कार्डच धोक्यात येतं. (तुम्ही मार्चअखेर जाताय ते ठीक आहे. लग्नानंतर कुणी ‘अजून दोन-चार महिने राहा’ म्हणालं तर ऐकू नका.) नागरिक झालात की हे सगळं मोजणं संपतं. हवं तर वर्षातले आठ महिने सूरसागराजवळ राहा, मनात आलं की नातवंडांकडे जा. बडोद्यात अधिक राहता यावं म्हणून अमेरिकेचं नागरिकत्व घेणारे आईवडील माझ्या माहितीत आहेत, आणि त्यांचा हिशोब मला चुकीचा वाटत नाही.

तरीही ‘नको’ वाटत असेल, तर ग्रीन कार्डवर राहणं हाही सरळ रस्ता आहे आणि मुलाला तसं सांगायचा तुम्हाला पूर्ण अधिकार आहे. मुलाशी बोलायच्या आधी एकदा स्वतःशी बसून ठरवा. ‘हो’ ठरलं तर पुढचं वाचा.

परीक्षा काय असते, ते नीट बघू. २० ऑक्टोबर २०२५ पासून ज्यांनी अर्ज भरला त्यांना नवी परीक्षा आहे: १२८ प्रश्नांची यादी, त्यातले २० तोंडी विचारतात, १२ बरोबर यावे लागतात. बारा बरोबर झाले की अधिकारी थांबतो, नऊ चुकले तरी थांबतो. आधीच्या परीक्षेत १०० प्रश्नांतले १० विचारत आणि सहा पुरत. तुमच्या सूनबाईंनी ती दिली असणार. त्यांची जुनी पुस्तिका घरात असेल तर बाजूला ठेवा आणि यूएससीआयएस या अमेरिकेच्या नागरिकत्व खात्याच्या संकेतस्थळावरून नवी यादी उतरवून घ्या. उत्तरांसकट, फुकट मिळते. ‘हमखास पास’ म्हणून पैसे मागणाऱ्याला एक रुपया देऊ नका.

तुमची घोकंपट्टी इथे का तोकडी पडते, ते सांगते. नव्या यादीत ‘का’ असे प्रश्न बरेच आहेत. प्रत्येक राज्याला दोनच सिनेटर का? प्रतिनिधींची मुदत सिनेटरपेक्षा कमी का? शब्द पाठ केले तर प्रश्नाची सुरुवात थोडी बदलली की धागा सुटतो. रचना समजली असेल तर उत्तर मोडक्या इंग्रजीतही सुचतं. आणि रचना समजायला तुम्हाला इंग्रजी लागत नाही. तुम्ही लोकशाहीत जन्म काढला आहे, मतदान केलं आहे, राज्यसभा-लोकसभा तुम्हाला ठाऊक आहे. मी नागरिकशास्त्र शिकवत आले. माझा अनुभव असा की माहितीच्या गोष्टीशेजारी अनोळखी गोष्ट ठेवली की ती मनात राहते. तेव्हा आधी मराठीत समजून घ्या.

आपल्या राज्यसभेसारखं तिथे सिनेट. सदस्याची मुदत दोन्हीकडे सहा वर्षं, आणि दोन्हीकडे दर दोन वर्षांनी एक तृतीयांश जागा बदलतात. फरक इथे आहे: राज्यसभेत उत्तर प्रदेशाला ३१ जागा, गुजरातला ११, गोव्याला एक. सिनेटमध्ये अवाढव्य कॅलिफोर्नियालाही दोन आणि सगळ्यांत कमी वस्तीच्या वायोमिंगलाही दोन. ५० राज्यं, म्हणून १०० सिनेटर. १७८७ मध्ये घटना लिहिताना लहान राज्यं अडून बसली होती की मोठी आम्हाला गिळतील. तडजोड अशी निघाली की एका सभागृहात सगळे सारखे आणि दुसऱ्यात लोकसंख्येप्रमाणे. हे एकदा कळलं की ‘दोनच का’ आणि ‘काही राज्यांचे प्रतिनिधी जास्त का’ हे दोन्ही प्रश्न एकदम सुटतात. दुसरं सभागृह म्हणजे हाउस ऑफ रिप्रेझेंटेटिव्ह्ज, ४३५ जागा. कॅलिफोर्नियाच्या ५२, तुमच्या न्यू जर्सीच्या १२. यांची मुदत दोनच वर्षं, कारण त्यांनी लोकमताच्या जवळ राहावं.

भारतीय माणूस हमखास अडखळतो तो राष्ट्राध्यक्षापाशी. आपले राष्ट्रपती आणि त्यांचे राष्ट्राध्यक्ष यांना इंग्रजीत एकच शब्द, पण कामं निराळी. तिथे पंतप्रधान नाही. कारभार चालवणारा राष्ट्राध्यक्षच, चार वर्षांसाठी, जास्तीत जास्त दोनदा निवडून येणारा. त्याचे मंत्री काँग्रेसमधून येत नाहीत. आणि काँग्रेस म्हणजे तिथली संसद, हेही मनावर ठसवा. आपल्या कानाला तो शब्द पक्षाचा वाटतो. काही गोष्टी मात्र दोन्हीकडे सारख्या: विधेयकावर सही करून कायदा करणारे तेच, सैन्याचे सर्वोच्च प्रमुखही तेच. सर्वोच्च न्यायालयात तिथे नऊ न्यायाधीश. आपले ६५ व्या वर्षी निवृत्त होतात, त्यांची नेमणूक तहहयात असते.

त्यांच्या घटनेची सुरुवात ‘आम्ही लोक’ अशी. आपली प्रास्ताविकाही ‘आम्ही भारताचे लोक’ म्हणूनच सुरू होते. हा प्रश्न तुमचा कधी चुकायचा नाही. आपल्या घटनेत शंभराहून अधिक दुरुस्त्या झाल्या, त्यांच्या २७ च. त्यातली चौदावी बडोदेकरांनी खास लक्षात ठेवावी. सयाजीराव महाराजांनी शिष्यवृत्ती दिली आणि १९१३ मध्ये बाबासाहेब आंबेडकर न्यू यॉर्कला कोलंबिया विद्यापीठात शिकायला गेले. तुमच्या एडिसनपासून ते आगगाडीने जाण्यासारखं आहे. परत आल्यावर ज्या बडोद्यात त्यांना राहायला जागा मिळाली नाही, तिथे सयाजीबागेजवळ आज त्यांची आठवण जपणारी संकल्पभूमी आहे. अमेरिकेत गुलामगिरी संपल्यावर १८६८ मध्ये चौदावी दुरुस्ती आली. तिथे जन्मलेले आणि रीतसर नागरिक झालेले सगळे नागरिक, आणि कायद्याचं संरक्षण सर्वांना समान, असं ती सांगते. बाबासाहेब मसुदा समितीचे अध्यक्ष असलेल्या आपल्या घटनेतही ‘कायद्याचं समान संरक्षण’ आहे, आणि ते कलमही चौदावंच. शपथ घेतल्यावर ज्या दुरुस्तीने तुम्ही नागरिक ठरणार, ती हीच.

यादवी युद्धही असंच जवळ आणता येतं. १८६१ ते १८६५, उत्तरेकडची आणि दक्षिणेकडची राज्यं, मुख्य कारण गुलामगिरी, राष्ट्राध्यक्ष लिंकन. दक्षिणेची बंदरं उत्तरेने रोखली, तिथला कापूस इंग्लंडच्या गिरण्यांना मिळेना, आणि कापसाचे भाव इकडे भरूचपासून मुंबईपर्यंत आकाशाला भिडले. युद्ध संपलं तसे कोसळले आणि मुंबईचे कित्येक धनवान १८६५ मध्ये बुडाले. आपल्या कानमच्या काळ्या जमिनीत पिकलेल्या कापसाचा लिंकनच्या युद्धाशी असा संबंध आहे. हे परीक्षेत कुणी विचारणार नाही, पण सन विसरायचं नाही.

बडोद्यात आहात तोवर मांडवीजवळच्या मध्यवर्ती ग्रंथालयात जाऊन बसा. महाराजांनी १९१० मध्ये बॉर्डन नावाचे अमेरिकन ग्रंथपाल आणून संस्थानातली ग्रंथालयं उभी केली, त्यातलं हे मुख्य. अमेरिकेचा इतिहास मराठीत किंवा गुजरातीत मिळेल तो वाचा. घरात पाहुणे असताना अभ्यास होत नाही, तिथे होईल.

इथवर समजण्याचं झालं. आता बोलण्याचं, आणि तुमची खरी अडचण ही आहे. तुम्ही, तुमचा मुलगा, सगळे १२८ प्रश्नांच्या मागे लागलात. पण इंग्रजी बोलण्याची परीक्षा त्या प्रश्नांत होत नाही. ती होते तुमच्याच अर्जावर, एन-४०० फॉर्मवर. अधिकारी समोर बसवतो, उजवा हात वर करून खरं बोलायची शपथ घ्यायला लावतो आणि फॉर्ममधलंच विचारत जातो: नाव, पत्ता, प्रवास, कुटुंब. पुढे ‘हॅव यू एव्हर’ने सुरू होणाऱ्या प्रश्नांची रांग लागते. कधी अटक झाली का, कर बुडवला का, नागरिक नसताना मत दिलं का, अमुक संघटनेत होतात का. नो, नो, नो म्हणत माणूस लयीत येतो आणि मग तो विचारतो, घटनेला तुमचा पाठिंबा आहे का? पूर्ण शपथ घ्यायला तयार आहात का? कायद्याने सांगितलं तर देशासाठी शस्त्र उचलाल का? तिथे लयीत ‘नो’ निघून गेलं की गोंधळ होतो. म्हणून हा शेवटचा भाग वेगळा काढून ‘येस’ची वेगळी तालीम करा.

अधिकारी मधेच एखाद्या शब्दाचा अर्थही विचारू शकतो. ‘ओथ’ म्हणजे काय? ‘अ प्रॉमिस’, एवढं उत्तर पुरतं. फॉर्ममधले अडणारे शब्द काढून प्रत्येकाला दोन-तीन सोप्या इंग्रजी शब्दांचा अर्थ लिहून ठेवा. मराठी अर्थ समजण्यासाठी, इंग्रजी अर्थ सांगण्यासाठी. फॉर्मची प्रत मुलाकडून आजच मागवून घ्या आणि त्यातलं प्रत्येक उत्तर स्वतः वाचा, कारण तो भरला त्याने आहे आणि उत्तरं द्यायची आहेत तुम्ही. या बडोद्याच्या फेरीच्या तारखाही लिहून ठेवा, प्रवासाबद्दल विचारतातच.

प्रश्न कळला नाही तर गप्प बसू नका. ‘प्लीज रिपीट द क्वेश्चन’ आणि ‘कॅन यू से इट अनदर वे, प्लीज?’ ही दोन वाक्यं झोपेतून उठवलं तरी आली पाहिजेत. अधिकाऱ्याने प्रश्न पुन्हा विचारणं, सोपा करून विचारणं, हे त्याच्या कामातच धरलेलं आहे. पुन्हा विचारायला लावणारा नापास होत नाही.

तुमची मराठी अक्षरांतली वही फेकू नका. ‘आयझेनहॉवर’, ‘सुझन बी. अँथनी’ अशा नावांच्या उच्चारांसाठी ती उपयोगी आहे. पण बाकीचं आता इंग्रजी अक्षरांत लिहायला लागा, कारण वाचनाचीही परीक्षा आहे. तीनपैकी एक वाक्य नीट वाचायचं आणि तीनपैकी एक ऐकून लिहायचं. वाक्यं लहान असतात, ‘वॉशिंग्टन वॉज द फर्स्ट प्रेसिडेंट’ या धर्तीची. कोणते शब्द येऊ शकतात त्याची यादीही त्याच संकेतस्थळावर आहे. स्पेलिंगची बारीक चूक चालते, अर्थ कळला पाहिजे. शब्द तोडून, आखूड करून मात्र लिहू नका.

नावं बदलणारे प्रश्न सगळ्यांत शेवटी पाठ करा आणि मुलाखतीच्या आदल्या दिवशी पुन्हा तपासा. न्यू जर्सीत नोव्हेंबर २०२५ मध्ये निवडणूक झाली आणि जानेवारी २०२६ मध्ये फिल मर्फी यांच्या जागी मिकी शेरिल गव्हर्नर झाल्या. तुमच्या वहीत अजून मर्फी असतील तर खोडा. राजधानी ट्रेंटन. सिनेटर आजच्या घडीला कोरी बुकर आणि अँडी किम. एक नाव सांगितलं की झालं. जिथे यादीत एका प्रश्नाला पाच-सहा उत्तरं दिलीत, तिथे तुमच्या जिभेला सोपं जाईल ते एक निवडा. सगळी पाठ करत बसू नका. दोन मागितली तर दोन, तिसरं सांगायला जाऊ नका.

रोज सकाळी अर्धा तास, आणि सगळं मोठ्याने. मनातल्या मनात केलेला अभ्यास या परीक्षेत कामाचा नाही. प्रश्न विचारणारा मात्र बदला. मुलाचं प्रेम मला दिसतं, पण आईची परीक्षा घेणं प्रत्येक मुलाला जमत नाही. त्याला प्रेमानेच सांगा की फोनवर प्रश्न बंद. त्याऐवजी रोज दहा मिनिटं इंग्रजीत इकडच्यातिकडच्या गप्पा मार. आज काय खाल्लं, लग्नाला कोण आलं होतं, सूरसागरावर गर्दी होती का. प्रश्न विचारायला इथली एखादी कॉलेजात जाणारी भाची-पुतणी धरा. तिने क्रम मोडून विचारावं, कधी घाईत, कधी पुटपुटत, कारण अधिकारी तुमच्या मुलाच्या आवाजात बोलणार नाही.

आणि सुनेचं. आधी हे जाणून घ्या की पहिल्या खेपेला जमलं नाही तर अर्ज तिथेच संपत नाही. ६० ते ९० दिवसांत दुसरी संधी त्याच अर्जावर मिळते, आणि जो भाग राहिला तेवढाच द्यायचा असतो. नागरिकशास्त्र झालं आणि लिहिणं राहिलं तर फक्त लिहिणं. दुसरं असं की घरात त्या खोलीत बसून आलेलं माणूस सूनच आहे. प्रश्नांची यादी बदलली, खोली तीच आहे. आज रात्री फोन तिला करा. आत गेल्यावर अधिकाऱ्याने पहिलं काय विचारलं, तो किती भरभर बोलत होता, फॉर्ममधल्या कोणत्या शब्दापाशी ती अडली, वाक्य कागदावर लिहायला दिलं की पडद्यावर, हे तिला विचारा आणि वहीत लिहून घ्या.